दहा हात पेव, दहा पोती

अगं मंगल, अशी जरा जवळ सरक. कागदावर काय सरकणार म्हणा, पण हे वाचताना मावशी शेजारी पाटावर बसलीय असं समज, म्हणजे मला बोलल्यासारखं लिहिता येईल. आणि आधी बोलणी खाऊन घे. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, पोरं अगदी मठ्ठ आहेत. फंक्शनचा धडा तीन वेळा घेतला, डोक्यात शिरत नाही." बहिणीची लेक गणिताची बाई झाली म्हणून मी गल्लीत पेढे वाटले, ते हे ऐकायला? एवढं बी.एड. केलंस आणि तोंडात हा शब्द?

फंक्शनच्या धड्यात वर्गात सगळ्यात मठ्ठ कोण असू शकतं, ते मला विचार. एकदा मीच निघाले होते. त्यापायी एका पोरीची शाळा सुटली होती.

तेव्हा मी हुलसूरच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये होते. म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, शाळेच्या शिक्क्यावर मात्र अजून जुनंच नाव. जूनचा महिना. पाऊस लांबलेला. मी दहावीची हजेरी घेत होते.

"महानंदा कुठाय? आज चौथा दिवस."

तिच्याच गावची सुशीला उभी राहिली. "बाई, तिची शाळा सुटली."

"कामून?"

"त्यांच्या पेवात धाच पोती ज्वारी हाय म्हणून."

मला आधी काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला आनंद झाला. दहा! मागच्या आठवड्यात मी फळ्यावर जे उत्तर काढलं होतं ते बरोबर दहा होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित पुस्तकाबाहेर खरं ठरलं होतं. मी हरखून विचारलं, "मोजली का त्यांनी?"

"न्हाई बाई. मोजायचं काय त्यात? तुमीच तर काढलाव की."

खडू माझ्या हातातच राहिला.

आता मी गणिताच्या वर्गात काय करत होते ते ऐक. मी मुळात मराठीची बाई. आमचे गणिताचे सर बदली होऊन आळंदकडं गेले, त्यांच्या जागी कुणी येईना. हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं.

"बाई, गणित तुम्ही घ्या."

"सर, मला मॅट्रिकला गणितात चाळीस मार्क होते."

"चाळीस?" ते खुर्चीत पुढं सरकले. "उरलेल्या स्टाफमध्ये एवढे कुणालाच नाहीत."

झाले मी गणिताची बाई. त्यातच सिलॅबस बदलला, 'नवं गणित' आलं. मी पुस्तक घेऊन एकटीच शिकायला लागले. मुलांच्या एक धडा पुढं असायचे मी. कधी कधी अर्धाच. एखादं पोर हुशार निघालं की मला ताप यायचा.

मग बिदरला दहा दिवसांचं ट्रेनिंग झालं. तिथले साहेब रोज एकच वाक्य सांगायचे, "गणित जीवनाशी जोडा." बाकीचे शिक्षक ते वहीत उतरवून घरी गेले. मी ते मनावर घेतलं.

फंक्शन म्हणजे काय, हे आपल्या घरातल्यांना सांगायचं तर एवढंच: एक गोष्ट ठरली की तिच्यामुळं दुसरी ठरते, आणि एकच ठरते. जेवायला माणसं किती, त्यावरून भाकरी किती. हे नातं कागदावर मांडलं की त्याला मॉडेल म्हणायचं. मॉडेल म्हणजे खेळण्यातली बैलगाडी. चाकं कशी फिरतात ते तिच्यावरून कळतं, पण तिच्यात बसून बाजाराला जाता येत नाही. हे मला आज कळतं. त्या जूनमध्ये मी त्या खेळण्यात अख्खं एक घर बसवलं.

मी वर्गाला घरचा अभ्यास दिला. घरातली अशी एक गोष्ट शोधा, जी वाढली-घटली की दुसरीही बदलते. मोजा, आणि लिहून आणा.

पोरांनी मजा आणली. एकानं म्हशीची पेंड आणि दूध आणलं. एक जण म्हणाला, "बाई, पाव्हण्याचे दिवस वाढतेत तसं आईचं बोलणं कमी व्हतंय."

"वा, हे उतरतं फंक्शन," मी म्हटलं. "शून्यावर कधी येतं?"

"आठव्या दिशी. मग आजी बोलाया लागतीय."

महानंदा शेवटी उठली. ही मुलगी तीन मैल चालत यायची. मध्ये एक ओढा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तिचे आठ-आठ दिवस बुडायचे, आणि तरी नववीत ती पहिली आली होती. यंदा दहावी म्हणून चार मुलींनी शाळेजवळ खोली घ्यायचं ठरवलं होतं. एक म्हातारी विधवा बाई त्यांच्यावर लक्ष ठेवणार होती. अट एकच: प्रत्येकीनं वर्षाची ज्वारी घरून आणायची. दोन पोती. ज्वारी आली तर खोली, नाहीतर ओढा. आणि ओढ्याला पाणी आलं की घरचे म्हणणार, आता बस झालं.

तिनं वही वाचली. "आमच्या आज्यानं तीन वर्षामागं पेव भरलं हुतं. यंदा घरची ज्वारी सरली म्हणून अप्पानं पेवाचं तोंड उघडलं. एक हात खाली गेलं, एक पोतं निघालं. दोन हात, दोन पोती. तीन हात, तीन पोती. तितकंच काढून थांबले."

पेव तू बघितलं नसशील. मीही बघितलं नव्हतं. मी गुलबर्ग्याच्या गिरणीच्या चाळीत वाढले. आमची ज्वारी दुकानातून पिशवीत यायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणून आत ज्वारी साठवतात, तोंडावर दगड ठेवून चिखलानं लिंपतात, हवा लागत नाही म्हणून दाणा वर्षानुवर्षं टिकतो, एवढं ऐकून होते. माझ्या डोळ्यापुढं एक कोरडी विहीर आली, आणि मी तेवढ्यावर थांबले.

पण आकडे बघ ना! एक हाताला एक पोतं, दोनाला दोन, तिनाला तीन. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत तो एक हात. पुस्तकातल्या उदाहरणातही इतके शहाणे आकडे नसतात.

"पेव किती खोल आहे?"

"धा हात, बाई. आज्यानं दोरीला गाठी मारून ठेवलाय."

मी फळ्यावर आडवी रेघ मारली: खोली, हातात. उभी मारली: पोती. तीन ठिपके दिले. लाकडी पट्टी लावली आणि तिन्ही ठिपक्यांतून रेघ ओढली, ती सरळ दहा हातापर्यंत नेली. "बघा. पेव न उघडता आपण आत डोकावलो. दहा हात, दहा पोती!"

वर्ग गप्प. एक पोर हललं नाही. मला वाटलं, गणिताच्या सौंदर्यानं मुलांची वाचा बसली.

सुट्टीत महानंदा टेबलापाशी आली. "बाई, धाच का?"

"दहाच. गणित खोटं बोलत नाही."

"अप्पाला सांगू?"

"सांग की! वही दाखव त्यांना." आणि मी तिच्या वहीवर लाल शाईनं 'बरोबर' लिहिलं. खाली सही केली. तारीखसुद्धा घातली. एवढी शहाणी मी.

हेडमास्तरांना तो ग्राफ इतका आवडला की त्यांनी तो मोठ्या कागदावर काढून घेतला आणि इन्स्पेक्शनसाठी ऑफिसच्या भिंतीवर लावला. सुशीलानं मला तसं सांगितलं त्या सकाळी मी त्या भिंतीखालीच उभी राहून म्हटलं, "सर, मला अर्धा दिवस रजा पाहिजे."

"कारण?"

"माझं गणित बघायला जायचंय."

"ते इथं आहे की," त्यांनी छडीनं भिंतीकडं दाखवलं.

मी सुशीलाला घेऊन निघाले. तीन मैल उन्हात चालताना डोक्यात एकच: दहा पोती असतील तर असतील, घरात ज्वारी नाही तर नाही, त्यात माझा काय दोष? अर्ध्या वाटेवर मात्र दुसरा विचार आला. मोजायच्या आधीच शाळा का सोडवली?

महानंदाचे वडील काशिनाथअप्पा अंगणात दोरी वळत होते. गरीब स्वभावाचा माणूस. मला बघून उठले, घोंगडी टाकली, पाणी आणि गुळाचा खडा दिला. वर म्हणाले, "बाई, तुमचं लई उपकार झालं."

"कशाचे?"

"तुमी हिशेब करून दिलाव म्हणून. न्हाईतर मी आत उतरलो असतो, आणि माझं काय झालं असतं देवाला म्हाईत."

मला काही कळेना. घरातून त्यांची थोरली बहीण बाहेर आली. गंगाक्का. नवरा वारल्यापासून भावाच्या घरी राहून सगळं घर चालवणारी. हातात सूप, डोळे माझ्यावर.

काशिनाथअप्पा समजावून सांगायला लागले, जसं मी वर्गात समजावते तसं. "पेव भरलं तवा पोती मीच ओतलो. पण आमच्या घरात पेव भरताना मोठ्यानं मोजत न्हाईत. मोजायचं मालकानं, मनातल्या मनात. तो आकडा माझ्या बापापाशी हुता, त्यो गेला. पण पेव काठोकाठ भरलं हुतं, ह्ये माझ्या डोळ्यानं बघितलो. पोटात तीसच्या वर मावतेत. आता तुमच्या गणितानं धाच येतेत. मंजे काय झालं? खाली ओल लागली. ज्वारी सडून बसली. सडल्या पेवातली हवा इखारी असती बाई, माणूस उतरला की वर येत न्हाई. म्हणून तोंड परत लिपून टाकलो. राहिलं ते राहिलं. घरालाच पुरना, पोरगीला कुठून देऊ?"

मी सगळं ऐकलं. एका शब्दावर अडले.

"पोटात म्हणजे? कुणाच्या पोटात?"

मग गंगाक्कानं सूप खाली ठेवलं.

"पेवाच्या पोटात. पेवाला पोट असतंय, बाई."

"पोट असतं?"

"अगं माय माझे!" ती खांबाला धरून खालीच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काश्या, अरे हिनं पेवच बघितलं न्हाई रं! आन् तू हिच्या हिशेबानं पेव लिपून बसलास!"

ती आत गेली आणि पाण्याची घागर आणून माझ्यापुढं आदळली. "ह्यो गळा. एक माणूस उतरंल इतकाच. ह्ये पोट. आत चार माणसं झोपतेत. वरच्या गळ्यातनं तीन पोती काढलो आमी. आता सांग मास्तरीन, गळ्यातल्या पाण्यावरनं घागर मोजतीस व्हय?"

मी घागरीकडं बघत राहिले. तिनं एका घागरीत माझा अख्खा धडा घेतला होता.

तरी माझा तोरा गेला नव्हता. मी म्हटलं, "मग तुम्ही मला आधी सांगायचं नाही का?"

काशिनाथअप्पा ओशाळले. "आमाला वाटलं पोट धरूनच काढलाव. एवढी शिकलेली बाई. पोट इसरंल का? आणि लाल शाईनं लिवलेलं."

म्हणजे बघ मंगल, त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यानं भरलेलं पेव बघितलं होतं. तरी त्यानं डोळे खोटे धरले आणि माझी रेघ खरी धरली. आणि रेघ खरी ठरवायला म्हणून अख्खी ज्वारी सडवली, मनातल्या मनात.

महानंदा दाराआड उभी होती. मी तिला हाक मारली. "तुला माहीत होतं ना पेव कसं असतं?"

"व्हय बाई. ल्हानपणी आत उतरलेय मी."

"मग वर्गात बोलली का नाहीस?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "तुमी पट्टी लावून रेघ मारलाव. मला वाटलं, गणितातलं पेव सरळच असतंय."

त्या वेळी मला हसू आलं नाही. नंतर पुष्कळ वर्षं आलं.

काशिनाथअप्पांनी विचारलं, "मग आता खरं किती असंल बाई?"

"मला माहीत नाही."

हे माझं त्या आठवड्यातलं पहिलं बरोबर उत्तर होतं.

पण एवढ्यानं प्रश्न सुटला नव्हता. सडक्या ज्वारीची भीती माझ्या रेघेनं त्यांच्या मनात घातली होती. रेघ पुसली तरी भीती पुसत नव्हती. तीन वर्षांचं पेव, खरंच ओल लागली असेल तर? गळ्यापुरतं काढलं तर तोंड परत लिंपता येतं. पोटाला हात लावला की सगळं रिकामं करावं लागतं, नाहीतर वारा लागून दाणा खराब होतो. आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. पाऊस लागला की पेवाचं तोंड उघडायची सोय नाही. म्हणजे आता, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात. तोवर दहावी कुठं राहिली?

"उघडा," गंगाक्का म्हणाली.

"अक्का, उतरणार कोण? गड्याला मी उतरवणार न्हाई. उतरायचं तर मी."

खाली खरंच वाईट हवा असली तर? मी उठून म्हटलं, "चूक माझी आहे. मीच उतरते."

गंगाक्कानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तेव्हाही माझं अंग काही कमी नव्हतं. "तू बस गप. गळ्यातच अडकशील, आन् पेवाला झाकण नको लागंल."

दुपारीच चिखल फोडून दगड बाजूला केला, भोवती काट्या टाकल्या आणि तोंड वाऱ्याला मोकळं ठेवलं. मी गावातच राहिले. दुसऱ्या सकाळी कडुलिंबाचे डहाळे दोरीला बांधून दोघा बहीणभावांनी ते पेवात वरखाली हलवले, आतली हवा ढवळायला. मग पेटता कंदील सोडला. याचं साधं शास्त्र: कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही.

कंदील गळ्यातून खाली गेला. ज्योत बारीक झाली. काशिनाथअप्पांनी तो वर ओढला, परत डहाळे हलवले, परत सोडला. या वेळी गंगाक्का हसत नव्हती. महानंदानं माझा पदर धरला होता. तिला तो माझा आहे हे कळत नव्हतं बहुतेक. मी इतकी वर्षं सायन्सच्या पीरियडला 'ज्वलनाला प्राणवायू लागतो' असं ऐकत आले होते. त्याचा अर्थ असा असतो, हे त्या दिवशी कळलं.

ज्योत सरळ उभी राहिली. राहिली ती राहिली.

काशिनाथअप्पा कमरेला दोर बांधून उतरले. मग आतून घुमल्यासारखा आवाज आला. "अक्का! वास चांगला हाय!"

गंगाक्कानं डोळे पुसले आणि लगेच माझ्यावर ओरडली, "बघत काय बसलीस? दोर धर!"

पोती वर यायला लागली. मी आणि महानंदा आज्याच्या गाठीच्या दोरीनं खोली बघत होतो आणि तोवर निघालेल्या एकूण पोत्यांचे ग्राफ पेपरवर ठिपके देत होतो. मी सवयीनं मोठ्यानं "एक" म्हटलं आणि गंगाक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी पुढची सगळी पोती मनातच मोजली. चौथ्या हाताला दोन पोती निघाली. पाचव्याला चार. सहाव्याला पाच, सातव्याला सहा. मग परत उतरती लागली: पाच, चार आणि शेवटच्या हाताला दोन, कारण तळाला पेव निमुळतं होतं.

गळ्यातली तीन धरून एकतीस. तळाची दोन काळी पडली होती, ती बाजूला काढली. बाकी ज्वारी पिवळसर, पेवाच्या वासाची, पण खणखणीत.

माझा अंदाज दहा. मी तिपटीनं चुकले होते. चाळीस मार्कांची बाई आणखी काय करणार?

महानंदाच्या कागदावर ठिपके जोडले तर रेघ आधी हळू चढत होती, मग एकदम उभी झाली, वर जाऊन परत आडवी पडत गेली. नागानं अंग वळवावं तशी. ती कागदावर वाकून बघत होती. मग म्हणाली, "बाई, ह्ये तर पेवच दिसतंय. गळा हाय, पोट हाय."

फंक्शनचा अख्खा धडा म्हणजे हे वाक्य. मला ते शिकवता आलं नव्हतं, तिला दिसलं होतं. रेघ कुठं भराभर चढते, तर जिथं पेव रुंद आहे तिथं. आजही मी याहून सोपं सांगू शकत नाही.

काशिनाथअप्पा दमून ओट्यावर बसले होते. मी विचारायच्या आधीच त्यांनी दोन पोती वेगळी उभी केली. "ही पोरगीची. गाडीनं सोडतो उद्या."

गंगाक्का म्हणाली, "सोड. पण हिला सांग, मास्तरीन काय बी म्हणली तरी घरी येऊन एकदा विचारून जा म्हणावं."

महानंदा खोलीवर राहिली. ओढ्याला पाणी यायचं तसं आलं, तिचा एकही दिवस बुडला नाही. वर्गात ती आता गप्प बसेना. "बाई, असं न्हाई व्हत," असं पहिल्यांदा ती म्हणाली तेव्हा मला परत ताप आला, पण गोड. ती पास झाली. गणितात तिला किती पडले ते सांगत नाही. माझ्या चाळिसाची इज्जत राहू दे.

मी नवा ग्राफ सुबक काढून हेडमास्तरांकडं नेला. म्हटलं, भिंतीवरचा चुकीचा आहे, हा लावा. त्यांनी दोन्ही शेजारी धरून बघितले.

"बाई, हा वाकडा आहे."

"खरा आहे, सर."

"असेल. पण इन्स्पेक्शनला वाकडी रेघ बरी दिसत नाही."

इन्स्पेक्शनला साहेब आले. भिंतीपुढं थांबले. "जीवनाशी जोडलेलं गणित! फार छान," म्हणून त्यांनी व्हिजिट बुकात माझं नाव लिहिलं. माझ्या नोकरीतला तो एकुलता एक चांगला शेरा, आणि तो चुकीच्या उत्तराला मिळालेला.

तेव्हापासून एक सवय लागली. फळ्यावर रेघ मारायच्या आधी मी खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "घरी हे कसं असतं?" आणि वर्ग गप्प झाला की समजायचं, आपण काहीतरी चुकतोय आणि ते सगळ्यांना दिसतंय. चपला दाराबाहेर काढतात ना पोरं, तसं घरचं शहाणपणही बाहेर काढून आत येतात. कुणी शिकवलेलं असतं त्यांना तसं? आपणच.

म्हणून म्हणते, तीन वेळा धडा घेऊन पोरं गप्प बसली तर चौथ्यांदा घेऊ नकोस. तिथंच थांब, आणि विचार त्यांना काय दिसतंय.

आणि हे सगळं फोनवर निस्तरणार नाही. पोरांच्या वह्या बांध पिशवीत आणि इकडं ये. सहामाहीची वाट बघू नकोस, येत्या शनिवारी अर्धी शाळा झाली की दुपारची गाडी धर. स्टॅंडवर मी येते. गुडघे दुखतायत, पण येते. दोघी मिळून लाल शाईनं काय काय लिहिलंयस ते बघू.